'३००' मधल्या स्पार्टन लोकांचं चिलखत गेलं कुठं?

स्पार्टा या जुन्या ग्रीक नगरराज्याचे सैनिक थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेशी लढले, त्यावरचा '३००' हा पिक्चर बघितलेल्या कुणालाही विचारा काय आठवतं, तर दूताला लाथ मारून विहिरीत पाडलं तो सीन आठवतो, लाल केप आठवतात, आणि मग हात आपोआप स्वतःच्या पोटावर जातो कारण तिसरी गोष्ट म्हणजे ते सिक्स पॅक. आमच्या हॉस्टेलवर हा पिक्चर एकाच कॉम्प्युटरसमोर वीस-पंचवीस जणांनी दाटीवाटीने बघितला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी विंग पुशअप्स मारत होती, आठवडाभर टिकलं ते, मग सबमिशन आलं. जिमच्या भिंतीवर तर त्यातल्या राजाचं, लिओनिडासचं, ते ओरडतानाचं पोस्टर मी कितीतरी वर्षं बघितलंय, बजरंगबलीच्या फोटोशेजारी.

आता गंमत अशी की खरा स्पार्टन सैनिक लढाईला असा जायचाच नाही. डोक्यावर ब्राँझचं शिरस्त्राण, छातीला ब्राँझचं नाहीतर कापडाचे जाड थर देऊन केलेलं चिलखत, नडग्यांना ब्राँझच्या पट्ट्या, डाव्या हातात तीन फुटी गोल लाकडी ढाल जिचं वजनच सात-आठ किलो, उजव्या हातात सात-आठ फुटी भाला, आणि हे सगळं घालून ग्रीसच्या उन्हाळ्यात उभं राहायचं. म्हणजे पोट दिसायचा प्रश्नच नव्हता. पिक्चरवाल्यांना हे माहीत नव्हतं असं अजिबात नाहीये, बघा ना, शिरस्त्राण ठेवलं, ढाल ठेवली, भाला ठेवला, नडगीची पट्टीसुद्धा ठेवली आणि नेमकं छातीवरचंच काढून टाकलं. का काढलं हे कळलं की हा पिक्चर आणि त्याच्या मागोमाग आलेले तसले सगळे पिक्चर आतून कसे चालतात ते कळतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

अर्धं उत्तर ग्रीकांच्याच घरात आहे. जुन्या ग्रीक मातीच्या भांड्यांवर, मूर्तींमध्ये योद्धा बऱ्याच वेळा उघडाच असतो, डोक्यावर शिरस्त्राण, हातात ढाल आणि बाकी काहीच नाही, चड्डीपण नाही. ते लोक लढायला तसे जायचे नाहीत, चित्रात तसे जायचे. अंग उघडं दाखवलं म्हणजे हा साधा शिपाई नाही, वीर आहे, देवांच्या जरा जवळचा आहे, असा तो संकेत. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, आपल्या कॅलेंडरवरचा मारुती खांद्यावर गदा घेऊन उघड्या छातीने उभा असतो आणि लंकेच्या युद्धात याचं चिलखत कुठं होतं असं कुणी विचारत नाही. तर पिक्चरने युद्धाचा इतिहास उचलला नाही, युद्धाचं चित्र उचललं.

आणि तेही थेट नाही, मध्ये एक कॉमिक आहे. फ्रँक मिलर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने लहानपणी १९६२ सालचा या लढाईवरचा एक पिक्चर बघितला, तो डोक्यात बसला, आणि १९९८ मध्ये त्याने '३००' नावाचं पाच अंकांचं कॉमिक काढलं, रंग लिन वार्ली यांचे. त्यात प्रत्येक चित्र दोन पानं मिळून आडवंच्या आडवं, म्हणजे कागदावरच सिनेमाचा पडदा. त्यातले स्पार्टन बऱ्याच ठिकाणी पूर्ण उघडे आहेत, पिक्चरने निदान चामड्याच्या चड्ड्या तरी दिल्या. डायरेक्टर झॅक स्नायडरने मग ठरवलं की इतिहासाकडे बघायचंच नाही, कॉमिकचं पान समोर ठेवायचं आणि ते हलवायचं. बस. कितीतरी फ्रेम अशा आहेत की पान आणि पडदा शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो.

पान हलवायचं म्हणजे नक्की काय करायचं, इथे खरी कारागिरी आहे. हा पिक्चर ग्रीसमध्ये शूट झालाच नाही. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये, स्टुडिओच्या आत, साधारण ६० दिवसांत. ते कडे, तो समुद्र, ते पेटलेलं आभाळ, सगळं नंतर कॉम्प्युटरवर, बाहेर उन्हात शूट झालेला म्हणजे जवळजवळ फक्त घोडे दौडतात तो भाग. नट लोक निळ्या पडद्यासमोर नकली दगडावर उड्या मारत होते. हिरवा पडदा आपण यूट्यूबवर बघतो, इथे बहुतेक ठिकाणी निळा वापरला, एक कारण असं की लाल केप निळ्यासमोर जास्त चांगली दिसते. हजाराहून जास्त शॉटमध्ये कॉम्प्युटरचं काम आहे. खर्च साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास आणि कमाई जगभरात ४५ कोटींच्या वर, त्यामुळे पुढे सगळ्यांनाच असले पिक्चर का काढावेसे वाटले ते सांगायला नको.

मग तो हळू-फास्ट-हळू प्रकार. याला स्पीड रॅम्पिंग म्हणतात आणि तुमच्या मोबाईलमध्येही त्याचं पिल्लू आहे. साधा पिक्चर म्हणजे सेकंदाला २४ फोटो. समजा कॅमेऱ्याने एका सेकंदात १२० फोटो काढले, आता ते सगळे २४च्या चालीने दाखवले तर एक सेकंदाची हालचाल पाच सेकंद चालते, झालं स्लो मोशन. पण त्यातला दर पाचवाच फोटो दाखवला तर तीच हालचाल नेहमीच्या वेगाने दिसते. म्हणजे एकदा जास्त फोटो काढून ठेवले की वेगाचं बटण एडिटरच्या हातात, भाला हातातून सुटेपर्यंत सगळे फोटो दाखव, हवेतून जाताना पटापट गाळ, छातीत घुसला की परत सगळे दाखव. त्यात लिओनिडास एकटाच पुढे चालत एकामागोमाग एक माणसं पाडत जातो तो लांबलचक शॉट आठवा, न तोडता कॅमेरा कधी जवळ कधी लांब जातो, तिथे एकाच जागी वेगवेगळ्या लेन्सचे तीन कॅमेरे एकदम चालवलेत, एक लांबचं बघणारा, एक मधलं, एक जवळचं, आणि नंतर कॉम्प्युटरवर एकातून दुसऱ्यात सरकलेत. त्यामुळे झूम होतो तरी हिसका बसत नाही. आणि प्रत्येक वेळी वेग मंदावतो तो नेमका कुठे, तर जिथे शरीराची पोझ एखाद्या चित्रासारखी पूर्ण झालीये तिथे. म्हणजे कॉमिकचं पान क्षणभर परत येतं, मग पान उलटतं.

रंगाचं पण तसंच. अंधार होता त्याहून काळा केला, मधले रंग पिळून काढले, उजेड अजून टोकदार केला, त्यांच्याच भाषेत याला क्रश म्हणतात. म्हणून सगळं तांब्यासारखं, जुन्या फोटोसारखं दिसतं आणि त्यात केप आणि रक्त तेवढं लाल राहतं. रक्ताचंही बघा, ते शाईच्या शिंतोड्यासारखं उडतं आणि जमिनीवर पडतच नाही म्हटलं तरी चालेल. आता या सगळ्यात एखाद्या माणसाला मळकट ब्राँझच्या डब्यात बंद केलं तर सावली कुठे पडणार, स्नायू कुठे चमकणार? तर चिलखताचं उरलेलं अर्धं उत्तर हे, लाइटिंगला उघडी छाती लागते.

आता एक गोष्ट जी पहिल्यांदा बघताना माझ्या डोक्यावरून गेली होती. ही सगळी गोष्ट सांगतोय कोण? एक डोळा गमावलेला डिलिओस नावाचा स्पार्टन. तो शेवटच्या दिवशी तिथे नव्हताच, राजाने त्याला निरोप घेऊन घरी पाठवलेलं, आणि एक वर्षाने पुढच्या लढाईच्या आधी तो सैन्याला चेतवायला हे सांगतोय. म्हणजे पिक्चर हा पोवाडा आहे हो. आपला तुळशीदास शाहीर सिंहगडचा पोवाडा रचतो तेव्हा तो हजेरीपट घेऊन बसलेला नसतो, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे हा त्याचा हिशोब. डिलिओसचंही तेच, शत्रूकडचा हत्ती दोन मजली, गेंडा रेल्वे इंजिनाएवढा, एकाच्या हाताच्या जागी तलवारीची पाती, आणि राजा झर्क्सिस आठ फुटी, टकला, अंगभर साखळ्या. गेंडे-हत्ती त्या फौजेत असल्याचं जुन्या वर्णनात कुठे नाही, उंट मात्र होते. पण सांगणाराच असा असला तर ते तसंच येणार.

हे स्पष्टीकरण मला पटतं, पण पूर्ण नाही पटत. कारण शाहिराच्या समोर बसलेल्याला माहीत असतं हा शाहीर आहे, त्याच्या हातात डफ असतो. थिएटरमध्ये बसलेल्याला डफ दिसत नाही. मार्च २००७ मध्ये, नवरोजच्या तोंडावर हा पिक्चर अमेरिकेत लागला आणि इराणमध्ये सरकारपासून रस्त्यावरच्या माणसापर्यंत सगळे भडकले, आमच्या पूर्वजांना राक्षस दाखवलं म्हणून. आपल्या पूर्वजांना कुणी असं दाखवलं असतं तर आपल्याकडे काय झालं असतं याचा विचार करा, खरं तर नकोच करायला.

तर मग खरं काय घडलं. इ.स.पू. ४८०. इराणचा सम्राट झर्क्सिस प्रचंड फौज घेऊन ग्रीसवर निघाला. दहा वर्षांपूर्वी त्याच्या बापाची, दार्युशची फौज मॅरेथॉनला हरली होती, तो हिशोब बाकी. उत्तरेकडून खाली यायला समुद्राच्या कडेने वाट होती आणि थर्मोपिलीला ती वाट चिंचोळी व्हायची, सगळ्यात अरुंद जागी एक गाडी कशीबशी जाईल एवढी. आपल्याला खिंड म्हटलं की दोन्हीकडे डोंगर दिसतात, इथे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. नावाचा अर्थ गरम दरवाजे, कारण तिथे उन्हाळे आहेत, म्हणजे आपल्या वज्रेश्वरीसारखे गरम पाण्याचे झरे. आज तिथे गेलात तर मात्र फसल्यासारखं होतं, नदीने अडीच हजार वर्षं गाळ आणून टाकलाय आणि समुद्र काही किलोमीटर लांब गेलाय, मध्ये शेतं आणि हायवे.

मराठी माणसाला इथे पावनखिंड आठवणारच, १६६० चा जुलै, बाजीप्रभू, बांदल, आणि योगायोग म्हणजे आपल्याकडेही तीनशे हाच आकडा तोंडी बसलाय. तुलना जुनीच आहे आणि चुकीची पण नाही, मोठ्या फौजेला अरुंद जागेत आणायचं म्हणजे तिचा मोठेपणा मागे रांगेत उभा राहतो, लढायला पुढे येणार ते चार-दहाच. फरक एवढाच की बाजींना महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतचा वेळ काढायचा होता, लिओनिडास स्वतःच राजा होता, आणि तोच खिंडीत होता.

बरं, तीनशे. ग्रीक बाजूला एकूण सात हजारांच्या आसपास माणसं होती. तीनशे हे फक्त स्पार्टाचे. खिंडीच्या मागे उतरणारी डोंगरातली वाट इराण्यांना कुणीतरी दाखवली असं कळल्यावर लिओनिडासने बाकीच्यांना परत पाठवलं, तरी थेस्पिया नावाच्या छोट्या गावाचे ७०० लोक राहिलेच, स्वतःहून राहिले, आणि सगळे मेले. थीब्जचे ४०० पण होते, त्यांनी शेवटी शरण जायचा प्रयत्न केला. आणि स्पार्टनांची सामानं वाहणारे गुलाम होते त्यांचे आकडे तर कुणी नीट मोजलेच नाहीत. सातशे थेस्पियन आणि पिक्चर तीनशेंचा, मला हे अजूनही टोचतं, त्या गावाने जवळपास आपली सगळी लढणारी पिढी तिथे घालवली. दुसऱ्या बाजूचा आकडा हिरोडोटसने दिलाय, नोकरचाकर धरून ५२ लाखांच्या वर, जो कुणीच खरा धरत नाही, एवढ्या लोकांना पाणी कुठून पाजणार, आजचे अभ्यासक एक ते तीन लाखांच्या दरम्यान कुठेतरी थांबतात. तेही काही कमी नाही.

हिरोडोटस म्हणजे ज्याच्यामुळे हे सगळं आपल्याला माहीत आहे तो माणूस, लढाईनंतर काही दशकांनी लोकांना विचारून विचारून त्याने लिहिलं. आणि पिक्चरमधले जे डायलॉग आपल्याला एकदम फिल्मी वाटतात ना, ते बरेचसे जुन्या पुस्तकांतलेच आहेत ही खरी मजा. बाण एवढे येतील की सूर्य झाकेल, मग बरं झालं, सावलीत लढू, हे हिरोडोटसमध्ये आहे, डिएनेकीस नावाच्या सैनिकाच्या तोंडी. शस्त्रं टाका म्हटल्यावर या आणि घ्या, आणि ढाल घेऊन ये नाहीतर ढालीवरून ये, हे प्लुटार्कमध्ये, जो आणखी पाचशे वर्षांनंतरचा. स्पार्टाचे लोक कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते, त्यांची सगळी गावंढळ अक्कडबाजी एकेका वाक्यात. आणि लढाईआधी इराणी हेराने बघितलं तर हे लोक व्यायाम करतायत आणि लांब केस विंचरतायत, झर्क्सिसला हसू आलं, तेव्हा त्याच्याच दरबारात आसऱ्याला असलेल्या डेमारेटस नावाच्या स्पार्टाच्या पदच्युत राजाने सांगितलं की हसू नका, मरायची तयारी झाली की हे लोक डोकं नीट करतात. असला सीन हातात असताना गेंडा कशाला लागतो मला कळत नाही.

विहिरीची लाथ? घडलंय, पण तेव्हाचं नाही. दूत मारले ते दार्युशचे, जवळपास दहा वर्षं आधी, माती आणि पाणी मागायला आलेले, म्हणजे शरणागतीची खूण, तर स्पार्टाने विहिरीत टाकलं की तिथून घ्या. पण याचा दुसरा भाग पिक्चरमध्ये येत नाही. दूत मारणं हे पाप, आणि स्पार्टनांना त्याची भीती बसली, शकुन वाईट यायला लागले, मग स्पर्थियास आणि बूलिस नावाचे दोन जण स्वतःहून सूसाला, म्हणजे इराणी राजधानीला गेले, झर्क्सिससमोर उभे राहिले की त्या दूतांच्या बदल्यात आम्हाला मारा. आणि झर्क्सिस म्हणाला, तुम्ही केलं ते मी करणार नाही, जा घरी. हे ग्रीक माणसाने लिहिलंय, शत्रूबद्दल.

हा झर्क्सिस दिसायचा कसा तर इराणात पर्सेपोलिसच्या दगडात त्या घराण्याचे राजे कोरलेत, लांब कुरळी दाढी, पायघोळ झगा, डोक्यावर मुकुट. टक्कल नाही, नाकात साखळ्या नाहीत. त्याचं खरं नाव ख्षयार्शा, झर्क्सिस हे ग्रीकांनी केलेलं. त्यांची जुनी भाषा संस्कृतची इतकी जवळची नातेवाईक आहे की त्यांच्या प्रांताच्या सुभेदाराचा जो हुद्दा होता तोच पुढे आपल्याकडे क्षत्रप म्हणून आला, शाळेत नहपान क्षत्रप आणि गौतमीपुत्र सातकर्णी पाठ केलेलं आठवत असेल, तो शब्द या साम्राज्यातून चालत नाशिकच्या लेण्यांपर्यंत पोचलाय. आणि मुंबईत फोर्टमधल्या जुन्या अग्यारीच्या दाराशी ते पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल बसलेत ना, तसेच बैल पर्सेपोलिसच्या सर्व राष्ट्रांच्या दरवाजावर आहेत, तो दरवाजा झर्क्सिसनेच बांधला. आणखी एक, हिरोडोटस त्या फौजेची यादी देतो त्यात हिंदी लोक पण आहेत, सिंधूकडचे, झाडाच्या लोकरीचे म्हणजे आपल्या कापसाचे कपडे घातलेले, वेताची धनुष्यं, लोखंडी टोकाचे बाण. म्हणजे पिक्चरमध्ये कापले जातात त्या गर्दीत आपल्याकडचे पण कुणीतरी धरायचे, आणि आपण शिट्ट्या वाजवतोय.

स्वातंत्र्य स्वातंत्र्य असं लिओनिडास सारखं ओरडतो त्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण इथे चिडचिड होते. स्पार्टाचा प्रत्येक नागरिक पूर्णवेळ सैनिक राहू शकायचा कारण त्याची शेती हेलट करायचे, अख्खाच्या अख्खा जिंकून गुलाम केलेला समाज. वर्षभराने प्लॅटियाच्या लढाईला ५,००० स्पार्टन गेले आणि प्रत्येकामागे सात असे ३५,००० हेलट. दरवर्षी स्पार्टा आपल्याच या गुलामांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचं, म्हणजे मारलं तरी पाप लागत नाही. पिक्चरमध्ये एकही हेलट नाही. एफोर दाखवलेत ते पण सडक्या तोंडाचे पुजारी, प्रत्यक्षात एफोर म्हणजे दरवर्षी निवडून येणारे पाच अधिकारी. आणि तीनशेच का पाठवले तर पिक्चरमध्ये दाखवलीय तशी लाचबिच नाही, कार्निया नावाचा सण चालू होता, सणात पूर्ण फौज बाहेर काढायची नाही. त्या तीनशेंत निवडताना घरी मुलगा आहे असेच बाप घेतले, वंश बुडू नये म्हणून.

२०१४ चा दुसरा भाग, त्याला मी एवढा वेळ देणार नाही, पण आर्टेमिसियासाठी द्यावा लागेल. पिक्चरमध्ये ती सूडाने पेटलेली, सगळ्या आरमाराची प्रमुख, शेवटी मरते. खरी आर्टेमिसिया हॅलिकार्नासस शहराची राणी, पाच जहाजं घेऊन आलेली, आणि सॅलमिस बेटाजवळच्या अरुंद पाण्यात लढू नका असं झर्क्सिसला सांगणारी एकटीच. ऐकलं नाही, आरमार बुडालं. लढाईत मागे अथेन्सचं जहाज लागलं तेव्हा तिने सरळ आपल्याच बाजूच्या एका जहाजाला धडक देऊन बुडवलं, मागच्याला वाटलं ही आपल्यातली आहे, सोडून दिलं, आणि लांबून बघणाऱ्या झर्क्सिसला वाटलं हिने शत्रूचं बुडवलं, तो म्हणाला माझे पुरुष बायका झाले आणि बायका पुरुष. ती जिवंत परत गेली. हिरोडोटस तिच्याच गावचा, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिताना जरा खुलतो. आणि दुसरीकडचा हिरो थेमिस्टोक्लीस, ज्याने खाणीत सापडलेली चांदी लोकांत न वाटता २०० जहाजं बांधायला लावली, त्याला नंतर अथेन्सनेच हाकललं आणि तो कुठे गेला, तर झर्क्सिसच्या मुलाकडे नोकरीला. या गोष्टीवर कुणी पिक्चर काढत नाही.

आता परत ढालीकडे. ती ढाल डाव्या हातात असते आणि एवढी रुंद असते की अर्धी आपल्याला झाकते आणि अर्धी डावीकडच्या माणसाची उजवी बाजू. तुमची उजवी बाजू तुमच्या उजवीकडच्याच्या भरवशावर. अशी रांग, तिच्यामागे रांग, त्यामागे रांग, ही झाली फॅलँक्स. यात कुणी शूर होऊन चार पावलं पुढे उडी मारली तर शेजारी उघडा पडतो, म्हणून प्लुटार्क सांगतो की शिरस्त्राण आणि चिलखत स्वतःसाठी, ढाल मात्र सगळ्या रांगेसाठी. पिक्चरला हे माहीत आहे! त्यात लिओनिडास त्या कुबड्या एफियाल्टीसला हेच समजावतो, तुला ढाल वर उचलता येत नाही, तू रांगेत चालणार नाहीस, म्हणून परत पाठवतो, आणि तो जाऊन वाट दाखवतो. खरा एफियाल्टीस तिथल्याच ट्रेकिसचा एक धडधाकट माणूस होता, बक्षिसाच्या आशेने गेलेला, कुबड वगैरे काही नाही, पण ते राहू द्या. पहिल्या चकमकीत दीड मिनिट रांग दिसतेही, ढालीला ढाल, मस्त दिसते. आणि मग सगळे रांग सोडून एकेकटे उड्या मारत सुटतात, कारण स्पीड रॅम्पिंगला एक माणूस लागतो, रांग नाही. आठ रांगांचा ढालींचा ठोकळा हळू करून दाखवला काय आणि फास्ट करून दाखवला काय.

डिलिओसच्या मागे एक खरा माणूस आहे बहुतेक, अरिस्टोडेमस. तीनशेंपैकीच, पण त्याचे आणि युरिटस नावाच्या सोबत्याचे डोळे आले होते, दोघांना मागे पाठवलेलं. शेवटची लढाई सुरू झाल्याचं कळल्यावर युरिटसने आपल्या हेलटला सांगितलं मला हाताला धरून तिकडे ने, आंधळाच आत शिरला आणि मेला. अरिस्टोडेमस घरी आला. स्पार्टात त्याच्याशी कुणी बोलेना, चूल पेटवायला कुणी विस्तव देईना, भेकड अरिस्टोडेमस असंच नाव पडलं. वर्षभराने प्लॅटियाला तो फौजेत होता. पिक्चरचा शेवट आठवा, तोच प्लॅटिया, डिलिओस गोष्ट संपवतो, ओरडतो, आणि सगळ्या सैन्याच्या पुढे, एकटा पुढे, धावत सुटतो. अरिस्टोडेमसने तेच केलं, रांग सोडून एकटा पुढे घुसला, वेड्यासारखा लढला आणि मेला. हिरोडोटसच्या मते त्या दिवशी सगळ्यात शूर तोच होता. लढाईनंतर स्पार्टन बसले कुणाला मान द्यायचा ते ठरवायला आणि म्हणाले, याला मरायचंच होतं, म्हणून रांग सोडली, पोसिडोनियस मरायची इच्छा नसताना शूरपणे लढला, तो मोठा. बाकीच्या मेलेल्यांना मान दिला, अरिस्टोडेमसला नाही दिला.